पोटातल्या महाधमनीची सोनोग्राफी: एका मिलिमीटरचा हिशेब

पोटातली महाधमनी फुगली आहे का, एवढाच या तपासणीचा प्रश्न. या फुगवट्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात; तो फुटला तर जीव जाऊ शकतो. उत्तर म्हणजे एक आकडा, महाधमनीचा व्यास. सुई नाही, डाय नाही, क्ष-किरण नाहीत. सरावलेल्या हाताला दहा मिनिटे पुरतात, म्हणून ही तपासणी सोपी समजली जाते, आणि सोपी समजली जाते म्हणूनच ती बिघडते. व्यास २.९ सेंमी निघाला तर माणूस घरी जातो आणि त्याला पुन्हा कोणी बोलावत नाही. ३.० निघाला की त्याच्या मागे आयुष्यभराच्या फेऱ्या लागतात. ५.४ आला तर थांबायचे, ५.५ आला तर सर्जनकडे पाठवायचे. मशीनवर ट्रॅकबॉल जरासा घसरला तरी एवढा फरक पडतो. त्यामुळे इथे सगळा भर मोजण्यावर आहे. सोनोग्राफी शिकणारे डॉक्टर, रुग्ण पाठवणारे फॅमिली डॉक्टर आणि स्वतःचा रिपोर्ट नीट वाचू पाहणारे, अशा तिघांनाही हे उपयोगी पडावे.

कोणाची करायची

इंग्लंडमध्ये प्रत्येक पुरुषाला वयाच्या ६५व्या वर्षी या सोनोग्राफीचे बोलावणे जाते. तिथला सरकारी कार्यक्रम २००९ मध्ये सुरू झाला आणि २०१३ पर्यंत देशभर पोहोचला. त्याला आधार होता पोर्ट्समथ, साउथॅम्प्टन, विंचेस्टर आणि ऑक्सफर्ड इथे झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा. ६५ ते ७४ वयाचे सुमारे ६७,८०० पुरुष त्यात होते. निम्म्यांना तपासणीला बोलावले, निम्म्यांना नाही. २००२ मध्ये निकाल आला: बोलावलेल्या गटात या आजाराने होणारे मृत्यू चार वर्षांत ४२ टक्क्यांनी कमी. त्या काळी तपासलेल्यांपैकी जवळजवळ ५ टक्के पुरुषांची महाधमनी ३ सेंमी किंवा त्याहून रुंद होती. आता तिथे ६५ वर्षांच्या पुरुषांत हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले आहे, कारण दरम्यानच्या काळात सिगारेटी कमी झाल्या. अमेरिकेत सरसकट बोलावत नाहीत. ६५ ते ७५ वयाच्या ज्या पुरुषाने आयुष्यात कधी काळी धूम्रपान केले आहे, त्याची एकदाच सोनोग्राफी करावी असा तिथला सल्ला आहे, आणि ‘धूम्रपान केले’ म्हणजे जन्मात मिळून किमान १०० सिगारेटी.

भारतात असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. शिवाय ब्रिटनमधल्या तपासण्यांत दक्षिण आशियाई वंशाच्या पुरुषांत हा आजार गोऱ्या पुरुषांपेक्षा बराच कमी आढळला आहे. म्हणून इंग्लंडचे पाहून आपल्याकडे ६५ वर्षांच्या सगळ्यांची रांग लावण्यात फारसा अर्थ दिसत नाही. निवडून करावी. साठी-पासष्टी ओलांडलेला, बिडी-सिगारेट ओढणारा किंवा पूर्वी ओढलेला पुरुष. ज्याच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना महाधमनीचा अ‍ॅन्युरिझम होता तो. आणि ज्याच्या गुडघ्यामागची धमनी फुगलेली सापडली आहे तो. हे तीन गट आधी घ्या. विचारताना ‘सिगारेट ओढता का’ एवढ्यावर थांबू नका, बिडीचे नाव घेऊन विचारा. पाच वर्षांपूर्वी सोडली असेल तरी ती धरायचीच. एक गंमत: हृदयाच्या आणि पायाच्या धमन्यांचा वैरी असलेला मधुमेह इथे उलटा वागतो. मधुमेह्यांत हा आजार कमी आढळतो आणि असला तरी सावकाश वाढतो.

स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा कितीतरी कमी, म्हणून सरसकट तपासणी कुठेच सुचवलेली नाही. पण झाला तर त्याच व्यासाला फुटण्याचा धोका त्यांच्यात जास्त. आयुष्यभर बिडी ओढलेल्या किंवा घराण्यात हा आजार असलेल्या आजींना ‘बायकांना होत नाही’ म्हणून परत पाठवू नये.

आपल्याकडे सर्वांत व्यवहार्य वाट वेगळीच आहे. पासष्टीचा पुरुष प्रोस्टेटसाठी, पित्ताच्या खड्यासाठी, नाहीतर पोट फुगते म्हणून सोनोग्राफीला आलेलाच असतो. टेबलावर तो आहे, पोटावर जेल आहे. प्रोब आणखी दोन-तीन मिनिटे महाधमनीवर फिरवली की काम झाले. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ रिपोर्टांत ‘महाधमनी नॉर्मल’ ही ओळ टेम्प्लेटमधून आपोआप उतरते आणि मोजमाप कुठेच नसते. आकड्याशिवाय आलेली ती ओळ म्हणजे तपासणी झालेली नाही, असेच धरावे.

हाताने चाचपून हे काम भागत नाही. पोट सुटलेल्या माणसात मोठा फुगाही हाताला लागत नाही, आणि काटकुळ्या माणसात निरोगी महाधमनीही बेंबीजवळ ठणठण उडताना जाणवते. ‘बेंबी सरकली’ म्हणून जो ठोका चाचपतात तो याच महाधमनीचा असतो. म्हाताऱ्या माणसाच्या बेंबीत रुंद, पसरट ठोका लागत असेल तर तिथे तेल लावून दाबत-चोळत बसू नये, आधी सोनोग्राफी.

येण्याआधीची तयारी

सकाळची वेळ द्या, चार ते सहा तास उपाशीपोटी. इंग्लंडच्या कार्यक्रमात उपाशी राहण्याची अट नाही, आणि उपाशी नसला म्हणून कोणाला परत पाठवायचे कारण नाही. पण उपाशीपोटी गॅस कमी असतो आणि गॅस हाच या तपासणीचा मुख्य शत्रू. आदल्या रात्री वाल, हरभरा, छोले, सोडा टाळावा. सकाळी बिडी किंवा च्युइंगगम नको, कारण दोन्हींबरोबर हवा गिळली जाते. रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी घ्यावी. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्यांना पहिला नंबर द्या आणि तपासणी होईपर्यंत डोस थांबवायचा का हे त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगा.

‘पाणी पिऊन या, लघवी रोखून धरा’ हे काउंटरवरचे पाठ वाक्य इथे लागू नाही. मूत्राशय भरलेले असण्याची या तपासणीत काही गरज नाही. प्रोस्टेट वाढलेला म्हातारा तासभर लघवी रोखून बसला की पोट ताठ करतो आणि मग प्रोब खाली दबत नाही. लघवीला जाऊन येऊ द्या.

मशीन लावताना

वक्र प्रोब, २ ते ५ मेगाहर्ट्झ, पोटाचा प्रीसेट. खोली सुरुवातीला १५–१६ सेंमी ठेवा. मणक्याची पांढरी कड दिसली की खोली एवढी कमी करा की ती कड पडद्याच्या खालच्या तिसऱ्या भागात येईल आणि महाधमनी मधोमध. धमनी पडद्यावर वाटाण्याएवढी दिसत असेल तर कर्सर नेमका ठेवता येत नाही. कर्सरचा एक टप्पाच मिलिमीटरचा होऊन बसतो. फोकस महाधमनीच्या पातळीला. हार्मोनिक्स चालू. गेन (चित्राचा उजळपणा) इतका की धमनीच्या आतले रक्त काळे दिसेल, पण भिंतीला चिकटलेली गुठळी पुसली जाणार नाही. चुका या दुसऱ्या बाजूने जास्त होतात: चित्र छान काळे-पांढरे दिसावे म्हणून गेन उतरवला जातो, करड्या रंगाची गुठळी काळ्यात मिसळून जाते किंवा बाहेरच्या पेशींसारखी भासते, आणि मोजले जाते फक्त मधले पोकळ रक्तमार्गाचे तोंड.

मशीनचे कॅलिपर खरे सांगते का, हेही फॅन्टमवर (पडताळणीसाठीच्या कृत्रिम ठोकळ्यावर) ठरावीक काळाने पडताळावे. ध्वनी शरीरात सेकंदाला १५४० मीटर वेगाने जातो असे मशीन धरून चालते आणि सगळी अंतरे त्यावरून काढते. फॅन्टममधल्या तारांचे अंतर माहीत असते; मशीनचे उत्तर त्याहून वेगळे आले तर इंजिनिअरला बोलवा. वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वाढणाऱ्या गोष्टीवर नजर ठेवायची असेल तर मोजपट्टी आधी तपासायला हवी.

महाधमनी शोधणे

रुग्ण उताणा, डोक्याखाली एक उशी, गुडघे दुमडलेले म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात. पँट किंवा धोतर बेंबीच्या बरेच खाली सरकवा, कारण महाधमनी बेंबीच्या आसपास, चौथ्या कटिमणक्यापाशी दुभंगते आणि तिथपर्यंत जायचेच आहे. जेल सढळ हाताने.

प्रोब छातीच्या हाडाच्या टोकाखाली आडवी धरा, खूण रुग्णाच्या उजव्या हाताकडे. महाधमनी शोधू नका, आधी मणका शोधा: पांढरी कमान आणि तिच्यामागे काळी सावली. त्या कमानीच्या अगदी पुढे दोन गोल. रुग्णाच्या डाव्या बाजूचा, म्हणजे पडद्यावर उजवीकडचा, महाधमनीचा. दुसरा आयव्हीसीचा, अशुद्ध रक्ताच्या मोठ्या शिरेचा. दोघांची गल्लत नवशिक्यांकडून होते आणि ‘जो उडतो तो महाधमनी’ हा नियम फसवा आहे, कारण शेजारच्या धमनीचे धक्के शिरेलाही बसतात. भिंत बघा: महाधमनीची जाड, चमकदार, आकार गोल, शिरेची पातळ, आकार थेंबासारखा. नाकाने झटकन श्वास आत ओढायला सांगितले की शीर चिंबते, महाधमनी जशीच्या तशी राहते. प्रोबने दाबले तरी तेच. तरीही शंका राहिली तर पल्स डॉप्लर (रक्ताच्या प्रवाहाचा आलेख) लावा, धमनीचा उंच टोकदार ठोका लपत नाही.

आता खाली सरका. सुरुवातीला एसएमए (आतड्यांना रक्त पुरवणारी धमनी) दिसेल, महाधमनीच्या पुढे पांढऱ्या चरबीच्या कड्यात बसलेला काळा ठिपका. डाव्या मूत्रपिंडाची शीर या दोघांमधून आडवी जाते. मूत्रपिंडांच्या धमन्या एसएमएच्या उगमाखाली साधारण एक-दोन सेंमीवर निघतात. त्या प्रत्येक वेळी दिसत नाहीत, म्हणून एसएमए हीच कामाची खूण. बहुतेक अ‍ॅन्युरिझम मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या खालीच असतात, पण वरचा भाग न पाहता खाली उडी मारू नका. सर्जनला ‘फुगवटा मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या किती खाली सुरू होतो’ हेच आधी हवे असते. छातीच्या हाडापासून दुभंगापर्यंत प्रोब न उचलता एकसलग जा. मध्येच गॅसने अडवले आणि प्रोब उचलून पुढे ठेवली, की नेमका फुगवटा त्या गाळलेल्या पट्ट्यात राहू शकतो.

गॅस आला तर जोराने खुपसू नका. तळहाताचा भार हळूहळू वाढवत प्रोब दाबून धरा आणि थांबा. अर्ध्या मिनिटात आतडे बाजूला सरकते. फुगवटा मोठा दिसला तर तिथे भार हलका करा आणि रुग्णाला दुखते का ते विचारत राहा. तेवढ्याने जमले नाही तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवा आणि उजव्या बरगड्यांखालून, यकृताच्या खिडकीतून बघा. डाव्या कुशीतून मूत्रपिंडाच्या आधारानेही पाहता येते. कुशीतून घेतलेले माप पुढून-मागचे नसून आडवे असते, हे मात्र रिपोर्टात लिहा.

मोजणे

इथे वेळ घ्या.

पुढून-मागे मोजायचे, डावी-उजवीकडे नाही. ध्वनीचा किरण पुढच्या आणि मागच्या भिंतीवर काटकोनात पडतो, म्हणून त्या रेघा धारदार उमटतात. बाजूच्या भिंती किरणाला समांतर पडतात, त्यांच्या कडा विरघळतात, तिथे कर्सर कुठे ठेवावा हा अंदाजाचा खेळ होतो.

व्यास दोन्ही छेदांत घ्या, आडव्या आणि उभ्या, आणि दोन्हींत होणारी चूक उलट दिशेची असते हे लक्षात ठेवा. वय झाले की महाधमनी सरळ राहत नाही, वळणे घेते. आडवा छेद धमनीला तिरका पडला तर गोलाचे लांबट अंडे होते आणि माप खऱ्याहून मोठे येते. काकडी तिरकी कापली की चकती लांबते, तसेच. हिशेब करून पाहा: २.८ सेंमीची धमनी २५ अंशांनी तिरकी कापली गेली की पुढून-मागचे माप जवळजवळ ३.१ सेंमी भरते. निरोगी माणूस रुग्ण झाला. उभ्या छेदात उलटे. प्रोब धमनीच्या मधल्या अक्षावर नसून बाजूने गेली की व्यासाऐवजी छोटी जीवा मोजली जाते. ३.२ सेंमीची धमनी मध्यापासून ८ मिमी बाजूला कापली तर माप येते २.८ च्या आत. रुग्ण निरोगी होऊन घरी गेला.

यावर उपाय असा. आडव्या छेदात प्रोब वर-खाली झुलवून गोल जास्तीत जास्त गोल आणि लहान होईल ती दिशा पकडा. हा झाला काटकोनी छेद. मग प्रोब तशाच कोनात ठेवून धमनीवरून वर-खाली सरका आणि सर्वांत रुंद जागा शोधा. उभ्या छेदात प्रोब डावी-उजवीकडे झुलवून धमनी जास्तीत जास्त रुंद दिसेल तिथे थांबा आणि मोजताना कर्सरची रेघ धमनीच्या अक्षाला काटकोनात टाका, पडद्याच्या उभ्या रेषेला नाही. दोन्ही मापे दोन-तीन मिलिमीटरच्या आत जुळायला हवीत. जुळली नाहीत तर सरासरी काढू नका. कुठला छेद चुकला ते शोधा आणि पुन्हा मोजा. इंग्लंडच्या कार्यक्रमात दोन्हींतले मोठे माप ग्राह्य धरतात.

फ्रीज करण्याआधी सिने लूप (मशीनने साठवलेल्या शेवटच्या काही क्षणांच्या फ्रेम) मागे-पुढे करा. ठोक्यागणिक व्यास मिलिमीटरभर, कधी थोडा जास्त, बदलतो. सर्वांत फुगलेली फ्रेम घ्या आणि दर वेळी तीच पद्धत ठेवा.

कर्सर भिंतीच्या कुठल्या कडेवर ठेवायचा, हा सर्वांत जास्त गोंधळाचा भाग. इंग्लंडमध्ये आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजतात. अमेरिकेत आणि आपल्याकडेही बऱ्याच ठिकाणी बाहेरून बाहेर. एकाच धमनीची ही दोन मापे साधारण ३ ते ४ मिमीने वेगळी येतात. म्हणजे लंडनमध्ये मुलाकडे असताना ५.२ लिहून मिळालेले बाबा पुण्यात येऊन तपासले तर ५.५ होतात, आणि घरातले सगळे ‘तीन महिन्यांत वाढला’ म्हणून घाबरतात. वाढले काहीच नसते, कर्सर फक्त कडेवरून कडेवर गेलेला असतो. म्हणून रिपोर्टात आकड्याशेजारी पद्धत लिहिलीच पाहिजे, आणि तुलना करायची तर जुनी प्रतिमा उघडून कर्सर कुठे ठेवला होता ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आतून आत म्हणजे भिंतीची आतली कड. गुठळीची आतली कड नव्हे. मोठ्या अ‍ॅन्युरिझममध्ये भिंतीला गुठळीचा जाड थर चिकटलेला असतो आणि मधून वाहणारा रक्ताचा मार्ग दोन-अडीच सेंमीचा, अगदी नॉर्मल दिसणारा असू शकतो. गुठळी धरूनच मोजायचे. रंगीत डॉप्लर इथे मदत करतो तसाच फसवतोही: रंग भरतो तो फक्त वाहत्या रक्तात, आणि रंगाच्या कडेवर कर्सर ठेवले की सहा सेंमीचा फुगा तीन सेंमीचा होतो. मोजताना रंग बंद करा.

सरावलेल्या दोन तपासनिसांच्या मापांत चार-पाच मिलिमीटरपर्यंत फरक पडू शकतो, आणि लहान अ‍ॅन्युरिझमची वर्षाची सरासरी वाढ याच्या निम्मी. एका वर्षात ‘३ मिमी वाढ’ हे वाक्य वाढीबद्दल सांगते की मोजणाऱ्याबद्दल, हे एका जोडीवरून ठरत नाही. शक्यतो तेच केंद्र, तीच पद्धत, आणि जमले तर तोच हात.

आणखी काही जागा जिथे पाय घसरतो. मणक्याची पुढची कमान आणि तिची सावली हाच मोठा अ‍ॅन्युरिझम समजून मोजला जातो. गेन कमी आणि खोली जास्त असेल तर हे सहज होते. पाण्याने भरलेले ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) महाधमनीच्या पुढून आडवे जाते. ते मिनिटभरात आकार बदलते, धमनी बदलत नाही. महाधमनीला वेढलेल्या लसिकाग्रंथींचा गठ्ठा गुठळीसारखा दिसतो, पण तो धमनीला मणक्यापासून पुढे उचलतो. घोड्याच्या नालेसारखे जोडलेले मूत्रपिंड असेल तर त्याचा पूल धमनीच्या पुढ्यात करडा पट्टा होऊन बसतो. दोन्ही बाजूंना पाठपुरावा केला की तो मूत्रपिंडात शिरताना दिसतो.

शेवटी दुभंगाखालच्या दोन्ही कॉमन इलियाक धमन्या मोजा. पुरुषात १८ मिमी आणि स्त्रीत १५ मिमीच्या वर गेल्या तर नोंद हवी. अ‍ॅन्युरिझम सापडलाच तर गुडघ्यामागच्या धमन्याही त्याच दिवशी पाहून घ्या.

रिपोर्टात काय असावे

जास्तीत जास्त पुढून-मागचा व्यास, सेंमीमध्ये एका दशांशापर्यंत, कुठल्या छेदात, आतून आत की बाहेरून बाहेर, फुगवटा एसएमए किंवा मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या किती खाली सुरू होतो, गुठळी आहे का, इलियाक किती, आधीचे माप आणि तारीख. कर्सरसह दोन प्रतिमा आणि त्याच फ्रेमच्या कर्सरविना दोन प्रतिमा साठवा, म्हणजे पुढच्याला नव्याने मोजता येते. थर्मल पेपर वर्षभरात फिका पडतो. रुग्णाला फाइल सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर द्या.

दिसली नाही तर ‘गॅसमुळे महाधमनीचा बेंबीवरचा भाग दिसला नाही’ असे सरळ लिहा आणि दुसरी तारीख द्या. अर्धी महाधमनी पाहून पूर्ण नॉर्मल लिहिणे ही या तपासणीतली सर्वांत महागडी चूक. दुसऱ्यांदाही दिसली नाही आणि धोका खरोखर असेल तर कॉन्ट्रास्टविना सीटी पुरतो. व्यास मोजायला डायची गरज नाही.

गावोगावी शिबिर भरवून ही तपासणी करावी, असे उत्साही मंडळांना वाटते. पण पीसीपीएनडीटी कायद्यात (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) सोनोग्राफी मशीन नोंदणी झालेल्या जागेशी आणि नोंदणी झालेल्या डॉक्टरशी बांधलेले आहे. पोर्टेबल मशीन गाडीत टाकून शाळेच्या हॉलमध्ये नेता येत नाही, तपासायचे सगळे आजोबा असले तरी. मोबाइल मेडिकल युनिटसाठी वेगळ्या अटी आहेत. तेव्हा शिबिरात फक्त निवड करा (वय, बिडी, घराण्यातला इतिहास) आणि नोंदणीकृत केंद्रावर वेळ ठरवून द्या.

आकडा आल्यावर

३ सेंमीच्या आत नॉर्मल. २.५ ते २.९ ला काही मार्गदर्शक तत्त्वे दहा वर्षांनी पुन्हा बघायला सांगतात, इंग्लंडमध्ये तेही नाही. ३.० ते ४.४ ला इंग्लंडच्या कार्यक्रमाने वर्षातून एकदा आणि ४.५ ते ५.४ ला दर तीन महिन्यांनी ही घडी बसवली. अमेरिकेतल्या व्हॅस्क्युलर सर्जनांच्या संघटनेच्या २०१८ च्या शिफारशी सैल आहेत: ३.० ते ३.९ ला तीन वर्षांनी, ४.० ते ४.९ ला वर्षाने, ५.० ते ५.४ ला सहा महिन्यांनी. कुठलीही एक घ्या आणि तीच धरून ठेवा, दोन्हींची खिचडी नको. पुरुषात ५.५ आणि स्त्रीत ५.० झाला, किंवा सहा महिन्यांत अर्धा सेंमी वाढला, तर व्हॅस्क्युलर सर्जनकडे. तिथे कॉन्ट्रास्ट सीटी अँजिओग्राफी होते, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) पाहून. स्टेंट बसेल का हे तिच्यावर ठरते. सीटीतले माप सोनोग्राफीपेक्षा काही मिलिमीटर जास्त येणे नेहमीचे. त्याला वाढ समजू नये.

‘फुगा आहे आणि ऑपरेशन करत नाही, असे कसे?’ हा प्रश्न घरचे विचारणारच. ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे लहान अ‍ॅन्युरिझमवर मोठ्या चाचण्या झाल्या. ४.० ते ५.५ सेंमीच्या टप्प्यात लवकर ऑपरेशन केलेल्यांचे आयुष्य नजर ठेवलेल्यांपेक्षा वाढले नाही. एवढे सांगितले की बहुतेकांना पटते.

मधल्या काळात बिडी बंद, रक्तदाब ताब्यात, स्टॅटिन डॉक्टरांच्या सल्ल्याने. आणि एक गोष्ट फाइलवर मोठ्या अक्षरात लिहा: सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन ही अँटिबायोटिक्स दुसरा पर्याय असेल तर टाळावीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये महाधमनीच्या रुग्णांसाठी हा इशारा दिला आहे, आणि जुलाब असोत की लघवीची जळजळ, आपल्याकडे याच गोळ्या हाताशी असतात.

वरचे सगळे वेळापत्रक त्रास नसलेल्या माणसासाठी आहे. अ‍ॅन्युरिझम माहीत असलेल्या माणसाच्या पोटात, कमरेत किंवा कुशीत अचानक दुखू लागले, घाम फुटला, चक्कर आली, तर सोनोग्राफीची वेळ घेत बसू नका. सीटी आणि सर्जन एकाच छताखाली असतील अशा मोठ्या रुग्णालयात थेट जा. फुगा फुटल्यावर दहातले आठ दगावतात, त्यातले कित्येक रुग्णालयाच्या वाटेवरच. सोनोग्राफी फुगा आहे एवढे दाखवते, तो फुटलेला नाही असे छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि पासष्टीच्या बिडी ओढणाऱ्या पुरुषाला आयुष्यात पहिल्यांदाच डाव्या कुशीत ‘मुतखड्याची कळ’ आली असेल, तर खडा शोधण्याआधी प्रोब महाधमनीवर ठेवा.